हायब्रिड मोटारीच्या बॅटरीचे रोगनिदान



मोटार बिघडली म्हणजे पूर्वी मेस्त्री बॉनेट उघडून आधी कान देत असे. इंजिनाची धडधड, धुराचा रंग, तेलाचा वास यांवरून अर्धे निदान होऊन जाई. हायब्रिड मोटारीच्या विद्युत्‌भागापाशी मात्र कान, डोळे आणि नाक ही तिन्ही इंद्रिये निरुपयोगी ठरतात. तेथे बिघाड झाला की चालकासमोरच्या पाटीवर एक लाल त्रिकोण उजळतो. गाडीच्या संगणकाला तपासणीचे यंत्र जोडले की ते एक संकेतांक दाखविते. टोयोटा कंपनीच्या प्रियस मोटारीत हा संकेतांक पुष्कळदा ‘पी ०ए८०’ असा असतो, आणि त्यापुढे जी ओळ येते तिचा सरळ अर्थ ‘हायब्रिड बॅटरी बदला’ असा आहे.

ही ओळ वाचून मालकाच्या पोटात गोळा उठतो, कारण ही बॅटरी म्हणजे मोटारीतील सर्वांत महागड्या भागांपैकी एक. यंत्रानेच हुकूम सोडला, तेव्हा मेस्त्रीही फारसा विचार करीत नाही. परंतु आमचे म्हणणे असे की, संकेतांक हे निदान नव्हे. ती तक्रार आहे. रोगी ‘पोट दुखते’ असे सांगतो. ते खरेच असते. पण दुखणे अजीर्णाचे, मूतखड्याचे की आंत्रपुच्छाचे, हे वैद्याने ठरवावयाचे असते. यंत्र रोग्याच्या जागी आहे. वैद्याची जागा माणसाचीच आहे. ही जागा त्याने नीट सांभाळली तर मालकाचा पैसा वाचतो, आणि मेस्त्रीचा प्राणही वाचतो. हे कसे, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आम्ही योजिले आहे.

बॅटरीची रचना

उदाहरणासाठी आम्ही प्रियस मोटारच घेतो, आणि तीही २००३ ते २००९ या काळात निघालेली दुसऱ्या पिढीची. प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रथम विक्रीस आली. दुसऱ्या पिढीच्या गाड्या परदेशांत फार खपल्या आणि दीर्घकाळ चालल्या; त्यामुळे हायब्रिड बॅटरी म्हातारी कशी होते याचा बराचसा अनुभव जगाला याच गाडीने दिला आहे. आणि हा अनुभव आपल्यालाही परका नाही. बंगळूरजवळच्या बिडदी येथे तयार होणारी, २०२२ च्या अखेरीस भारतात जाहीर झालेली इनोव्हा हायक्रॉस आपल्या रस्त्यांवर दिसते. तिच्या हायब्रिड प्रकारातील बॅटरीही निकेल आणि धातू-हायड्राइड यांचीच आहे, आणि तीतील घटांची संख्याही प्रियसप्रमाणेच १६८ आहे. आज जपानी आणि अमेरिकन मेस्त्र्यांना जे ठाऊक झाले आहे ते उद्या आपल्या मेस्त्र्यांना लागणार आहे.

प्रियसची ही बॅटरी मागील आसनाच्या पाठीमागे आडवी बसविलेली असते. तिच्यात २८ चपट्या डब्या एकीला एक लावून दाबून धरलेल्या असतात. प्रत्येक डबीत सहा घट. एका घटाचा दाब १.२ व्होल्ट, म्हणून एका डबीचा ७.२ व्होल्ट, आणि २८ डब्यांचा मिळून २०१.६ व्होल्ट. हे सर्व १६८ घट एकामागून एक असे जोडलेले आहेत. विजेच्या शास्त्रात या जोडणीला मराठीत ‘एकसरी’ असा फार सुंदर शब्द आहे. गळ्यातल्या एकसरीप्रमाणे सगळे मणी एकाच दोऱ्यात ओवलेले. दोऱ्याला दुसरी वाट नाही.

या बॅटरीत वीज किती मावते, हेही सांगितले पाहिजे, कारण याविषयी लोकांच्या कल्पना फार भव्य असतात. नव्या बॅटरीची धारणाशक्ती ६.५ अँपिअर-तास असते. २०१.६ ने गुणले की सुमारे १,३०० वॅट-तास होतात. म्हणजे आपल्या घरच्या मीटरच्या भाषेत एक युनिट आणि वर थोडे. हजार वॅटची इस्त्री तिच्यावर सव्वा तास चालेल. त्यातूनही संगणक ही शिदोरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण संपवू देत नाही; साधारणतः ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानच तो ती खेळवीत ठेवतो. कारण ही बॅटरी म्हणजे वर्षाचे धान्य साठविण्याचे कोठार नव्हे. ती दुकानातील गल्ल्यासारखी आहे. ब्रेक लावला की चार पैसे आत, चढ लागला की चार पैसे बाहेर, अशी दिवसभर देवघेव चालते. म्हणूनच तिची साठवण थोडी कमी झाली तरी चालकाला तिचा परिणाम लवकर जाणवत नाही.

दुबळा गडी

आता रोग कोठून सुरू होतो ते पाहू. स्लॅब टाकताना काँक्रीटची घमेली हातोहात वर पोचविणाऱ्या मजुरांची रांग आपण पाहिली असेल. प्रत्येक घमेले प्रत्येकाच्या हातून गेलेच पाहिजे. रांगेत एक गडी अशक्त असला तरी त्याला कमी घमेली देण्याची सोय नसते. सर्वांइतकीच त्यालाही उचलावी लागतात, आणि तो सर्वांच्या आधी थकतो. एकसरी जोडणीत हेच होते. सर्व घटांतून एकच प्रवाह वाहतो. ज्या घटाची धारणाशक्ती घटली आहे तो इतरांच्या आधी रिकामा होतो आणि भरतानाही इतरांच्या आधी भरून जातो.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. तो घट रिकामा झाला तरी उरलेले १६७ घट आपला प्रवाह त्याच्यातून रेटीतच राहतात. मग त्याचे ध्रुव उलटतात, आत वायू तयार होतो, दाब वाढतो, आतला द्रव हळूहळू नाहीसा होतो, आणि दुबळा गडी अधिकच दुबळा होत जातो. उष्णता ही सर्व क्रिया जलद करते. मधल्या डब्यांना दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची ऊब असते, म्हणून त्या कडेच्या डब्यांपेक्षा अधिक तापतात आणि पुष्कळदा आधी खचतात.

बॅटरीचा स्वतंत्र संगणक प्रत्येक घटाचा दाब मोजीत नाही. तो दोन-दोन डब्यांचा एक गट धरतो आणि असे १४ गट मोजतो. एखादा गट इतरांपेक्षा बराच मागे पडू लागला की तो संकेतांक नोंदवितो. पी ३०११ पासून पी ३०२४ पर्यंतचे संकेतांक या चौदा गटांचेच आहेत. कोणता गट अशक्त दिसला ते त्यांवरून कळते. येथे ‘दिसला’ हा शब्द आपण ध्यानात ठेवावा. गट अशक्त असणे आणि अशक्त दिसणे यांत जे अंतर आहे, त्यातच निदानाची सगळी विद्या सामावलेली आहे.

आधी पंचनामा

गुन्ह्याची जागा कोणी धुऊन टाकली तर फौजदार काय तपास करणार? दुर्दैवाने मोटारीच्या बाबतीत पुष्कळ लोक पहिली गोष्ट हीच करतात. संकेतांक पुसून टाकतात, दिवा विझला की गाडी बरी झाली असे समजतात. वस्तुतः संकेतांक नोंदविताना संगणकाने त्या क्षणाचे दाब, प्रवाह, तापमान आणि वेग हेही टिपून ठेवलेले असतात. चढावर जोर लागत असताना दोष आढळला की गाडी उन्हात उभी असताना, हे त्या टिपणावरून कळते. म्हणून प्रथम सर्व संकेतांक आणि त्यांचे टिपण कागदावर उतरवून घ्यावे. पुसण्याचे काम अगदी शेवटी.

दुसरी पायरी म्हणजे धाकट्या बॅटरीची तपासणी. हायब्रिड मोटारीत मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची एक साधी बॅटरीही असते. प्रियसमध्ये ती मागच्या सामानाच्या कप्प्यात एका बाजूला दडलेली आहे. इंजिन चालू करण्याचे काम तिच्याकडे नाही. ते मोठी बॅटरी करते. परंतु सर्व संगणकांना जागे करणे आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणाऱ्या रिलेंना ओढणे ही कामे हिचीच. ती क्षीण झाली की अर्धवट जागे झालेले संगणक भलभलत्या तक्रारी सांगू लागतात. विश्रांतीत तिचा दाब सुमारे साडेबारा व्होल्ट असावा. तो बारांच्या खाली असेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा. ज्या कामाला पाच मिनिटे लागतात ते सोडून जो थेट मोठ्या बॅटरीला हात घालतो, तो ताप न मोजता शस्त्रक्रियेची तयारी करणाऱ्या डॉक्टरासारखा होय.

तिसरी पायरी वाऱ्याची. मोठ्या बॅटरीला थंड ठेवण्यासाठी एक पंखा असतो आणि तो मागील आसनाच्या कडेला असलेल्या जाळीतून गाडीच्या आतलीच हवा ओढून घेतो. ही जाळी बहुतेक मालकांनी कधी पाहिलेलीही नसते. तिच्यावर कोणी पिशवी ठेवते, कोणी शाल टाकते. धूळ, कापसाचे तंतू, पाळीव कुत्र्याचे केस हे सर्व तिच्यावाटे पंख्याच्या पात्यांवर जाऊन थर बसतात. पंखा फिरत राहतो, आवाजही करतो, पण वारा जात नाही. मग बॅटरी तापते, संगणक तिच्यावरचा भार कमी करतो, आणि बिचाऱ्या बॅटरीवर ठपका येतो. जेथे धूळ हा बारमाही पाहुणा आहे अशा आपल्या गावांत तर ही जाळी दर काही महिन्यांनी साफ करण्याची सवयच हवी. पंखा तसाच ठेवून नवी बॅटरी बसविली, तर जुनीला ज्या रोगाने मारले तोच रोग नवीलाही मारणार, हे सांगावयास नको.

तापमान दाखविणाऱ्या संवेदकांचीही एक सोपी परीक्षा आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत सकाळी बॅटरीच्या तिन्ही जागांचे तापमान जवळजवळ सारखेच असले पाहिजे, आणि ते बाहेरच्या हवेशी जुळले पाहिजे. एखादा आकडा वेगळाच आला तर ती जागा तापलेली नसून संवेदकच खोटे बोलत आहे असा संशय घ्यावा.

विश्रांतीतला दाब फसवा असतो

आता आपण मुख्य प्रश्नाकडे येतो. चौदा गटांचे दाब तपासणी-यंत्रावर एकदम पाहता येतात. गाडी उभी आहे, काही काम नाही, आणि चौदाही आकडे सारखे आहेत. एवढ्यावरून बॅटरी निरोगी ठरते काय? मुळीच नाही. निकेल घटाचा स्वभाव असा की, त्याची शिदोरी तीन चतुर्थांश असो की एक चतुर्थांश, त्याचा दाब फारसा बदलत नाही. खाटेवर पडलेले दोन रोगी सारखेच शांत दिसतात. जिना चढावयास लावले म्हणजे कोणाला धाप लागते ते कळते. म्हणून बॅटरीची परीक्षा नेहमी भाराखाली करावी.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, उभ्या गाडीत चौदाही गट १५.८ व्होल्ट दाखवीत आहेत. गाडी चढावर घातली, बॅटरीतून ६० अँपिअर प्रवाह निघाला, आणि तेरा गट १४.५ पर्यंत उतरले. एक मात्र १२.६ वर आला. मग उतारावर ब्रेक लावून ४० अँपिअरने बॅटरी भरू लागलो. तेरा गट १६.७ वर गेले आणि तोच एक १७.९ वर. देताना सर्वांहून खाली, घेताना सर्वांहून वर. याचा अर्थ त्या गटाच्या वाटेत कोठेतरी रोध वाढला आहे. रोध म्हणजे विजेच्या वाटेतली अडचण. अरुंद दारातून आत जातानाही गर्दी होते आणि बाहेर पडतानाही होते, तसाच हा प्रकार. (हे आकडे वाचण्याचे काम शेजारी बसलेल्या माणसाचे; चालकाने रस्त्याकडेच पाहावे.)

याउलट एखादा गट विश्रांतीत, भाराखाली आणि भरताना, तिन्ही वेळी इतरांहून सुमारे १.२ व्होल्टनेच खाली राहात असेल तर हिशेब सरळ आहे. १.२ व्होल्ट म्हणजे एक घट. त्या गटातील बारा घटांपैकी एक घट आतून मेलेला आहे.

तिसराही एक प्रकार आहे. भार पडताच गट इतरांबरोबरच उतरतो, पण काही सेकंदांनी इतर स्थिर होतात आणि हा मात्र घसरतच जातो. भार काढल्यावरही सावकाश वर येतो. हे धारणाशक्ती संपल्याचे लक्षण. अशी बॅटरी असलेल्या गाडीत चालकासमोरचा बॅटरीचा दर्शक पाहता पाहता भरतो आणि पाहता पाहता रिकामा होतो. सिग्नलला उभे असतानाही इंजिन वारंवार चालू होऊ लागते आणि पेट्रोलचा खर्च वाढतो. तपासणी-यंत्र नसतानाही ही तीन लक्षणे मालकाला स्वतः टिपता येतील.

बांध कोणी कोरला?

ज्या गटाच्या वाटेत रोध वाढलेला दिसतो, तो गट खराबच असतो काय? येथे बहुतेकांची फसगत होते. डब्या एकमेकींना तांब्याच्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. आतला क्षारयुक्त द्रव अत्यल्प प्रमाणात पाझरतो, त्यात दमट हवेची भर पडते, आणि वर्षानुवर्षांनी या पट्ट्यांवर हिरवा-काळा गंज चढतो. त्यातून साठ अँपिअर जाऊ लागले की दाबाचा एक भाग तेथेच खर्च होतो, आणि डबी धडधाकट असूनही तिचा गट अशक्त दिसतो. गंजाने होणारी दाबाची घट प्रवाहाच्या प्रमाणात असते. प्रवाह थांबताच तीही तत्क्षणी नाहीशी होते. थकलेला घट मात्र असा चटकन सावरत नाही. या फरकावरून संशय कोणाचा घ्यावा ते ठरते; खात्री मात्र पट्टी प्रत्यक्ष पाहून, घासून पुन्हा मोजल्यावरच होते.

दाब मोजणाऱ्या बारीक तारांनाही हाच गंज लागतो, आणि तो ओळखण्याची खूण मोठी गमतीची आहे. शेजारशेजारच्या दोन गटांमध्ये एक तार सामाईक असते. पहिल्या गटाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ तीच दाखविते. दोन शेतांमधला बांध कोणी कोरला तर एकाचे शेत वाढते, दुसऱ्याचे तेवढेच घटते, पण दोन्ही शेतांची मिळून जमीन तेवढीच राहते. तसेच येथे होते. एक गट नेहमीपेक्षा वर, त्याचा शेजारी तितकाच खाली, आणि दोहोंची बेरीज बरोबर, असे दिसले की डब्यांना दोष देऊ नये. जमीन कोठे गेलेली नाही. बांध सरकला आहे. तार आणि तिचे टोक साफ करावे किंवा बदलावे, एवढ्यानेच काम भागते. या एका खुणेच्या अज्ञानामुळे चांगली बॅटरी भंगारात जाऊ शकते, हे आपण पाहिलेच.

गळतीचा शोध

आतापर्यंत आपण अशक्तपणाचा विचार केला. एक दुखणे याहून निराळे आहे, आणि ते म्हणजे विजेची गळती. आपल्या घरच्या विजेचा एक पाय जमिनीशी जोडलेला असतो. हायब्रिड मोटारीतील उच्च दाबाच्या मंडलाचा कोणताही पाय गाडीच्या लोखंडाला लागलेला नसतो. ते पूर्णतः अधांतरी ठेवलेले आहे. हेतू असा की, एकाच तारेला चुकून स्पर्श झाला तरी प्रवाहाला परतीची वाट मिळू नये. संगणक हे निरोधन सतत तपासतो आणि ते कमी झाले की ‘पी ०एए६’ हा संकेतांक नोंदवितो. हा संकेतांक आला म्हणजे मोटारीच्या संरक्षणाची एक भिंत पडली असे समजावे. तो पुसून गाडी चालविणे हा शुद्ध अविचार होय.

येथेही गळती बॅटरीतच असेल असे नाही. उच्च दाबाची वीज बॅटरीतून निघून इन्व्हर्टरमध्ये, तेथून चालनपेटीतील मोटरींमध्ये आणि वातानुकूलनाच्या कॉम्प्रेसरमध्ये जाते. गळती केव्हा दिसते हे पाहिले की ती कोठे आहे ते कळू लागते. रिले उघडे असताना, म्हणजे बॅटरी एकटी असतानाच गळती दिसते का? मग बॅटरी किंवा तिचे कवच पाहावे. एखाद्या डबीतून द्रव ओघळून लोखंडी तळाला लागला असेल. वातानुकूलन चालू करताच दिसते का? मग कॉम्प्रेसर पाहावा. या विजेरी कॉम्प्रेसरमध्ये वीज न वाहणारे विशिष्ट तेल लागते. कोणी घाईने साध्या गाडीचे तेल भरले तर तेच गळतीचे कारण होते. दोष थोड्याशा तेलात आणि शिक्षा बॅटरीला, असा न्याय मग घडतो. संकेतांकाबरोबर जो तीन आकडी पोटसंकेतांक येतो तोही हाच विभाग दाखवितो. ६११ असेल तर वातानुकूलन, ६१२ असेल तर बॅटरी, ६१३ असेल तर चालनपेटी. साध्या मीटरचा दाब दोन-चार व्होल्टचा असल्याने त्याला ही गळती बहुधा दिसत नाही; ५०० व्होल्टचा दाब देणारा मेगरच तेथे वापरावा लागतो.

उघडण्यापूर्वी

बाहेरून करता येण्याजोग्या सर्व तपासण्या झाल्यावर, आणि त्या अपुऱ्या ठरल्या तरच, बॅटरी उघडावी. येथे आमचा स्वर थोडा कठोर झाला तर क्षमा असावी. २०० व्होल्टचा एकदिश प्रवाह माणसाचा प्राण घेण्यास पुरेसा आहे. हे काम शिकलेल्या माणसाचेच आहे. हौशी माणसाने ते घरच्या अंगणात करू नये.

शिकलेला माणूस काय करतो? तो अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवतो. हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालण्यापूर्वी त्यांत हवा कोंडून भोक नाही ना, हे पाहतो. गाडी बंद करून किल्ली दूर ठेवतो, १२ व्होल्टची बॅटरी सोडतो, आणि मग नारिंगी मुठीचा सेवा-प्लग ओढून काढतो. हा प्लग दुसऱ्या कोणी परत बसवू नये म्हणून तो आपल्या खिशात ठेवतो. त्यानंतर गाडीच्या पुस्तकात सांगितलेली पाच किंवा दहा मिनिटे थांबतो, कारण इन्व्हर्टरमधील कंडेन्सर बॅटरी तुटल्यावरही काही काळ भार धरून ठेवतात. शेवटी मीटर लावून शून्य दाब पाहतो, आणि मगच हात लावतो. या गाड्यांत उच्च दाबाच्या सर्व तारांना नारिंगी रंग दिलेला असतो. तो शोभेसाठी नाही.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. सेवा-प्लग काढल्याने बॅटरी ‘बंद’ होत नाही. ती मध्ये तुटून दोन तुकड्यांत विभागली जाते, पण प्रत्येक तुकडा जिवंतच असतो. टाकीचा नळ बंद केला म्हणून टाकीतले पाणी नाहीसे होत नाही. म्हणून कवच काढल्यापासून डब्या सुट्या होईपर्यंत हातमोजे काढावयाचे नाहीत, आणि जवळ दुसरा माणूस असल्याशिवाय हे काम करावयाचे नाही.

डब्या सुट्या झाल्या म्हणजे प्रत्येकीची स्वतंत्र परीक्षा घेता येते. मोटारीच्या पुढच्या दिव्याचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब प्रत्येक डबीला तेवढाच वेळ, समजा दोन मिनिटे, लावावा आणि आरंभीचा व शेवटचा दाब लिहून ठेवावा. चांगली डबी थोडी उतरून स्थिर राहते. थकलेली घसरत जाते. जिच्यातला एक घट मेला आहे ती आरंभापासूनच खाली असते. परीक्षेत पेपर आणि वेळ सर्वांना सारखाच हवा, एवढी एकच अट आहे.

एक बदलावी की सगळ्या?

निदान झाले, आता उपाय. पट्ट्या किंवा तारा गंजल्या असतील तर त्या बदलाव्यात, पंखा धुवावा, आणि बॅटरीला निरोप देऊ नये. खरा पेच पडतो तो २८ पैकी एक डबी खरोखर खचली असेल तेव्हा. तेवढीच बदलणे स्वस्त असते, आणि गाडी त्याच दिवशी चालू लागते. परंतु बल्बच्या परीक्षेत उरलेल्या सत्तावीस डब्यांचे गुण कसे आले, हे पाहिल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये. त्या ताज्या असतील तर एक बदलणे योग्यच. त्या सर्वच वयाने थकल्या असतील, तर पहिली पडली तशी काही महिन्यांनी दुसरी पडेल, मग तिसरी, आणि दर वेळी बॅटरी पुन्हा उघडावी लागेल. शिवाय म्हाताऱ्या बैलाशेजारी तरणे खोंड जुंपले तर जोडी चालत नाही. नवी डबी बसवावयाचीच असेल तर तिची धारणाशक्ती इतरांशी जुळती हवी, आणि सर्व डब्या आधी सारख्या भरून घेतल्या पाहिजेत. प्रामाणिक मेस्त्री हे सर्व मालकापुढे आकड्यांनिशी मांडतो आणि निवड त्याच्यावर सोपवितो.

आता काही हायब्रिड मोटारींत निकेलऐवजी लिथियमच्या बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. त्यांच्या एका घटाचा दाब सुमारे साडेतीन व्होल्टच्या वर असतो, आणि त्या जास्त भरल्या गेल्या किंवा दुखावल्या तर पेट घेण्याचा धोका असतो. त्यामुळे त्यांना अधिकच जपून हाताळावे लागते. परंतु तपासाचा क्रम बदलत नाही. टिपण, धाकटी बॅटरी, वारा, भाराखालचा दाब, जोड, निरोधन, आणि सर्वांत शेवटी घट.

आपल्यापैकी फार थोडे लोक स्वतः बॅटरी तपासणार आहेत. परंतु उद्या कोणी आपल्याला ‘यंत्र बॅटरी बदला म्हणते’ असे सांगितले, तर आपल्याला चार प्रश्न निश्चित विचारता येतील. बारा व्होल्टची बॅटरी पाहिली काय? पंखा आणि जाळी उघडून पाहिली काय? चौदा गटांचे दाब भाराखाली लिहून घेतले काय? आणि पट्ट्यांवरचा गंज कोणी डोळ्यांनी पाहिला काय? या प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ कागदावर तयार आहेत, त्याच्या हाती गाडी खुशाल सोपवावी. आणि त्याने ‘खरोखरच बॅटरी बदलावी लागेल’ असे सांगितले तर तेही निश्चिंतपणे मानावे. कारण तेव्हा ते यंत्राचे वाक्य राहिलेले नसते, माणसाचे निदान झालेले असते.